घडीचा चाकू आणि त्याची कळ



हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी नावाचे गाव आहे. संत नामदेवांचे हे जन्मगाव, असे परंपरा मानते, म्हणून लोक त्याला नरसी नामदेव म्हणतात. आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे आपल्या परतवारीला, पंढरपूर करून आलेले वारकरी इथे येतात आणि मोठी यात्रा भरते. माझ्या लहानपणी या यात्रेत पेढे, बांगड्या आणि टाळ-चिपळ्या यांच्या दुकानांच्या शेवटी लोखंडी सामानाचा एक कोपरा असे. गोणपाटावर विळे, खुरपी, अडकित्ते मांडलेले असत आणि त्यांच्या कडेला घडीचे चाकू. मी बारा वर्षांचा असेन, म्हणजे साल १९९२ च्या आसपासचे. तेव्हा हा मुलूख परभणी जिल्ह्यात होता; हिंगोली जिल्हा पुढे १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्या यात्रेत मी साठवलेल्या पैशांतून पितळी मुठीचा, माशाच्या आकाराचा एक चाकू घेतला. आंबा कापायला, पेन्सिलीला टोक करायला आणि खरे सांगायचे तर मित्रांना दाखवायला.

पुढच्या श्रावणात गावात सप्ताह बसला. माझे चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, दिंडीत पखवाज वाजवीत. एका दुपारी पखवाजाची वादी ढिली झाली, तिला नवे भोक पाडायचे होते. आरी जवळ नव्हती. नाना म्हणाले, "लेकरा, तुझा चाकू दे बरं जरा." मी मोठ्या ऐटीत दिला. नानांनी चाकूचे टोक चामड्यावर टेकवले आणि जोर केला. चामडे चिवट निघाले, पाते मागे वळले आणि मुठीवर धरलेल्या बोटांवर मिटले. उजव्या हाताच्या तर्जनीची आतली शीर तुटली. जखम भरली, पण ते बोट पुन्हा पुरते वाकले नाही. नानांचा पखवाज सुटला. तेव्हापासून ते टाळ वाजवतात.

चाकू माझा होता, म्हणून ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. मोठेपणी इतिहास शिकवू लागलो तेव्हा एक प्रश्न मनात घर करून बसला. माणसाने पाते मुठीत मिटवायला शोधले, ते उघडल्यावर जागेवर राहावे म्हणून त्याने काय काय केले? आज त्याचीच हकीकत तुम्हाला सांगणार आहे, आणि शेवटी माझी आवडनिवडही सांगेन.

दार आणि चाकू

शिक्षक मित्रांनी ही गोष्ट वर्गात सांगायची झाली तर वर्गाच्या दाराकडे बोट दाखवावे. दाराला बिजागरी असते, चाकूला खिळा असतो. एखादे दार चौकटीत घट्ट बसते म्हणूनच उभे राहते. जोराने ढकलले की हलते. दुसऱ्या दाराला कमान असते. ते आपल्या जागी राहू पाहते, पण पुरेसा जोर लावला तर तेही वळते. तिसऱ्या दाराला कडी असते. कडी लावली की कितीही ढकला, दार उघडत नाही, आधी कडीच काढावी लागते. घडीच्या चाकूंचेही हेच तीन वर्ग आहेत : घट्ट खिळ्याचे, कमानीचे आणि कडीचे. माझा माशाच्या आकाराचा चाकू कमानीचा होता. नानांना मात्र त्या वेळी कडी हवी होती.

नामदेव शिंप्याच्या घरचे. शिंप्याची कातर पाहा. तिलाही दोन पाती आणि एक खिळा असतो, पण तिला कडी लागत नाही, कारण बोटे कड्यांत असतात आणि पाती त्यांच्यापुढे मिटतात. चाकूचे उलटे आहे. त्याचे पाते जिथे मिटते तिथेच धरणाऱ्याची बोटे असतात. घडीच्या चाकूची सगळी अडचण एवढ्या एका गोष्टीत आहे.

घट्ट खिळ्याचा काळ

घडीचा चाकू ही अलीकडची वस्तू नव्हे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे मिठाच्या जुन्या खाणी आहेत. तिथल्या अवशेषांत हाडाच्या मुठीचा एक घडीचा चाकू सापडला, तो इसवी सनापूर्वी सहाशे ते पाचशे या काळातला मानतात. म्हणजे साधारण गौतम बुद्धांच्या काळाच्या आसपासचा. रोमन लोकांकडे तर असे चाकू पुष्कळ होते. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले एक रोमन हत्यार ठेवले आहे. त्यात चाकू, चमचा आणि काटा हे सारे घडी होऊन एकात बसते. प्रवासी आणि शिपाई यांना कमरेला म्यान नको होते, पिशवीत मावणारे पाते हवे होते.

या जुन्या चाकूंना कळ नव्हती. खिळा घट्ट ठोकलेला, म्हणून पाते उभे राही, इतकेच. असे हत्यार आजही आपल्या डोळ्यांपुढे आहे. न्हाव्याचा वस्तरा पाहा. त्याला ना कमान, ना कडी. पण पात्याच्या मागे एक शेपूट असते, त्यावर न्हावी बोट ठेवतो आणि पाते बोटानेच आवरतो. वस्तऱ्याची कळ म्हणजे न्हाव्याचे बोट. जपानमध्ये ह्योगो प्रांतातील मिकी या लोहारांच्या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'हिगोनोकामी' नावाचा शाळकरी चाकू निघाला, त्यालाही असेच शेपूट आहे. चाकू उघडला की ते शेपूट अंगठ्याखाली दाबून धरायचे. अंगठा आहे तोवर पाते मिटत नाही.

ही रीत स्वस्त आहे, लोहाराला सोपी आहे, बिघडायला तिच्यात काही नाही. पण तिची सारी भिस्त माणसाच्या सावधपणावर आहे, आणि माणूस दिवसभर सावध राहत नाही.

बोरू, कारकून आणि कमान

'चाकू' हा शब्द आपल्याकडे तुर्की-फारसीतून आला. त्याच वाटेने 'कलमतराश' हा शब्दही आला. त्याचा अर्थ लेखणी तासणारा. मोडी कागदांचे ढीग ज्या कारकुनांनी लिहिले त्यांच्या कलमदानात दौत आणि बोरू यांच्या जोडीला लेखणी तासायचे लहान पाते असे. बोरू झिजला की तासायचा, तिरपा छाट द्यायचा, टोकाला बारीक चीर पाडायची. युरोपातही हीच गरज होती. तिथे पिसाची लेखणी तासावी लागे, आणि म्हणूनच इंग्रजीत खिशातल्या लहान चाकूला आजही लेखणीचा चाकू म्हणतात. लिहिणे आणि चाकू यांचे नाते इतके जवळचे आहे, हे आज शाळेतल्या मुलांना सांगितले तर त्यांना गंमत वाटेल.

अशा हलक्या कामासाठी कमानीचा चाकू जन्माला आला. सतराव्या शतकात इंग्लंडच्या शेफील्ड गावातले कारागीर तो करू लागले. मुठीच्या पाठीशी पोलादाची एक पट्टी असते, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते. बुडाच्या बाजू सपाट घासलेल्या असतात. पाते पूर्ण उघडले की पट्टी एका सपाट बाजूवर बसते, 'टक्' असा आवाज येतो आणि पाते स्थिरावते. मिटवताना पुन्हा जोर लावून ती पट्टी उचलावी लागते. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८९१ मध्ये शिपायांना जो प्रसिद्ध चाकू दिला तोही याच जातीचा. आपल्या यात्रेतले, बाजारातले बहुतेक चाकूही याच जातीचे.

कमान पाते जागेवर ठेवते, पण बांधून ठेवत नाही. धारेच्या बाजूने कापताना तिचा काही धोका नाही, कारण कापताना येणारा दाब पात्याला उघडेच ठेवतो. पण टोक रोवून भोक पाडायला गेलात, किंवा पाते लाकडात अडकले आणि पाठीच्या बाजूने हिसका दिलात, तर दाब उलटा येतो. तेव्हा कमान हरते आणि बोट सापडते. नानांचे नेमके हेच झाले. 'टक्' आवाज ऐकून आपण समजतो की चाकूला कुलूप लागले. ते कुलूप नसते, हे मला कोणी सांगितले नव्हते. नानांनाही नव्हते.

कडी कशी आली

खरी कडी अनेक वाटांनी आली. त्यातली सर्वांत साधी फ्रान्समधली. तिथल्या सव्वा या डोंगराळ भागात जोझेफ ओपिनेल नावाच्या तरुणाने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा एक चाकू केला. प्रथम त्याला काहीच कळ नव्हती, नुसता घट्ट खिळा. पुढे १९५५ मध्ये त्याच्या मुठीच्या तोंडाशी एक फिरती कडी बसवली. कडीला एक खाच आहे. खाच पात्यासमोर आली की चाकू उघडतो-मिटतो. कडी थोडी फिरवली की खाच बाजूला जाते आणि पाते अडते. आपल्या पाण्याच्या नळाची तोटी फिरवावी इतके ते सोपे आहे.

दुसरी वाट पाठीच्या कळीची. इथे मुठीच्या पाठीतली पट्टी मधोमध एका खिळ्यावर तोललेली असते, मुलांच्या आडव्या झोक्यासारखी. पाते उघडले की पट्टीचे पुढचे टोक पात्याच्या बुडातल्या खाचेत पडते. मिटवायचे झाले की पट्टीचे मागचे टोक दाबायचे, पुढचे वर उचलते. ही युक्ती जुनी आहे, पण अमेरिकेतील बक कंपनीने १९६४ मध्ये शिकाऱ्यांसाठी काढलेल्या चाकूने ती जगभर पोचवली.

तिसरी वाट तारांची कामे करणाऱ्यांच्या हातून रुळली. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या तारा घरोघर जाऊ लागल्या. तारेवरचे आवरण सोलणाऱ्याला एका हाताने चाकू आवरावा लागे. अमेरिकेत १९०६ मध्ये एका कंपनीने नव्या कळीचे पेटंट घेतले. मुठीच्या आत जे पत्र्याचे अस्तर असते, त्याचीच एक पट्टी चिरून आत वाकवायची. पाते उघडले की ती पट्टी बुडामागे येऊन उभी राहते, अंगठ्याने बाजूला सारली की पाते सुटते. अमेरिकी सैन्यातील तारा जोडणाऱ्यांचा चाकू याच कळीचा होता. १९८० च्या सुमारास मायकेल वॉकर या कारागिराने तिला आजचे रूप दिले. पुढे काहींनी अस्तराऐवजी मुठीची सबंध बाजूच कळ म्हणून वापरली. १९९८ मध्ये एका अमेरिकी कंपनीने दोन कमानींवर मागेपुढे सरकणारी आडवी सळई बसवून आणखी निराळी कळ बाजारात आणली.

सव्वाचा शेतकरी, रानातला शिकारी, तारांवरचा कामगार : ही कळ ज्यांच्या हातांत रुजली ती माणसे पाहा. यांत कोणी गुंड नाही. कळ ही प्रथम धरणाऱ्याच्या बोटांसाठी आली.

खटक्याची बदनामी

आता कोणी म्हणेल, "सर, खटक्याचा चाकू म्हणजे रामपुरी. तो तर मारामारीचा." हे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. उत्तर प्रदेशातील रामपूर हे नवाबांचे संस्थान. तिथल्या कारागिरांचे लांब पात्याचे, खटक्याचे चाकू देशभर गेले आणि हिंदी चित्रपटांनी ते खलनायकाच्या हातात दिले. पुढे सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले, कारागिरांचे हात रिकामे झाले. मार्च २०२३ मध्ये त्याच रामपुरात एका चौकात वीस फुटांचा चाकू स्मारक म्हणून उभा केला गेला. ज्या वस्तूने गाव बदनाम झाले तीच आता गावाची ओळख म्हणून मिरवते, हाही इतिहासाचा एक खेळ.

पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. दाबताच पाते झटकन बाहेर फेकणारा खटका एक, आणि उघडलेले पाते आवरून धरणारी कळ दुसरी. पहिली समोरच्याला भिववते, दुसरी आपल्या बोटाला राखते. कायद्यांनीही कधी कधी ही गल्लत केली आहे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंत पात्याचा घडीचा चाकू खिशात ठेवायला मुभा दिली. पण १९९३ मध्ये तिथल्या न्यायालयाने ठरवले की उघडल्यावर ज्याच्या पात्याला कुलूप बसते तो घडीचा चाकू धरता येणार नाही. म्हणजे बोट कापणारा चाकू चालेल, बोट वाचवणारा बाळगायला सबळ कारण दाखवावे लागेल! त्यांचेही म्हणणे समजून घ्यायला हवे : पक्के उभे राहणारे पाते वार करायलाही सोयीचे असते. नानांचा हात आठवला की मला ते पटत नाही, पण खोटे आहे असेही म्हणवत नाही.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम कळीकडे पाहत नाहीत, पात्याच्या मापाकडे आणि कामाकडे पाहतात. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रात मोडते. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी केलेले पाते त्यातून वगळले आहे. त्याशिवाय सरकार ठिकठिकाणी आणखी निर्बंध घालू शकते. म्हणून शेतातला चाकू शेतात ठेवावा, यात्रेत किंवा सभेत खिशात घालून फिरू नये.

जपानमध्ये १२ ऑक्टोबर १९६० रोजी समाजवादी नेते असानुमा यांची भर सभेत एका तरुणाने आखूड तलवारीने हत्या केली. त्यानंतर मुलांच्या हातातून पाती काढून घ्यावीत अशी चळवळ उठली आणि हिगोनोकामी शाळांतून दिसेनासा झाला. तलवारीचा दोष पेन्सिलीच्या चाकूला भोवला. पेन्सिली यंत्रात घालून टोकदार होऊ लागल्या. मुले सुरक्षित झाली, हे खरे; पण पाते कसे धरावे हे शिकवणारे एक ठिकाणही गेले.

घरातली कळ

चाकूचा विषय पुरुषांचा समजू नका. आपल्या घरात सर्वांत मोठे घडीचे पाते स्वयंपाकघरात असते. ते म्हणजे मोडती विळी. पाटावर पाय ठेवून बसायचे, धार आपल्याकडे, आणि दोन्ही हातांनी भाजी धारेवर ढकलायची. ते पाते मध्येच कलंडले तर काय होईल, याचा विचार करा. पाते उभे केले की खाली जी खीळ किंवा पट्टी बसते, तिच्यावर रोज किती आयाबहिणींची बोटे विसंबून असतात! माझी आई विळीवर बसण्यापूर्वी पाते वरून धरून मागेपुढे हलवून पाहते. हलले तर कांदा चिरायचा थांबवते, आधी खिळा ठोकून घेते. कळीची परीक्षा मी तिच्याकडूनच शिकलो.

माझी आवडनिवड

आता कबूल केल्याप्रमाणे माझी निवड सांगतो. पेन्सिल, फळ, सुतळी यांना कमानीचा लहान चाकू पुरे. त्यात कळ नसली तरी चालेल, पण ती नाही हे ठाऊक हवे. पाठीच्या कळीचा चाकू भक्कम असतो आणि डाव्या-उजव्या दोन्ही हातांना सारखा. मात्र तिच्या खाचेत माती किंवा धागा अडकला तर टोक पुरते बसत नाही, म्हणून ती खाच काडीने साफ करावी. अस्तराच्या कळीचा चाकू एका हाताने मिटतो, पण मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, आणि ती बहुधा उजव्या हातासाठी केलेली असते. डावखुऱ्या मुलाच्या हातात ती देऊ नये.

शेतकऱ्यासाठी माझी पसंती फिरत्या कडीला आहे. कडी लागली की नाही हे डोळ्यांना दिसते, अंधारात बोटाला कळते. तिच्यात नाजूक काही नाही. दोष एवढाच की पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते आणि पाते आखडते. मूठ सुकवून खिळ्यावर थेंबभर तेल सोडावे. आणि ती कडी आपोआप लागत नाही, आठवणीने फिरवावी लागते. कोणी याला उणेपणा म्हणेल. मला तो गुण वाटतो, कारण कडी फिरवताना पुढच्या कामाचा क्षणभर विचार होतो.

चाकू कोणताही घ्या, दुकानातच परीक्षा करा. पाते उघडा, कळ लावा, बोटे पात्याच्या वाटेतून काढा आणि पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबा. पाते मिटू लागले तर तो चाकू परत ठेवा, मग मूठ कितीही झकास असो.

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने पुण्याहून असा कडीचा चाकू आणून दिला. परतवारीला नरसीला गेलो तेव्हा तो नानांना दाखवला. आता त्यांची सत्तरी उलटली आहे. त्यांनी चाकू उघडला, कडी फिरवली, पाते दाबून पाहिले, पुन्हा कडी फिरवून मिटला. ते न वाकणारे बोट सगळा वेळ बाजूला ताठ होते. मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी हा असता तर पखवाज सुटला नसता."

नाना हसले. म्हणाले, "हा असता तर बोट वाचलं असतं, हे खरं. पण वादीला आरीच पाहिजे होती रे. ती आणायला उठायचा कंटाळा मी केला, तू नाही."

एवढे बोलून त्यांनी चाकू माझ्या हातात दिला आणि टाळ उचलले. भजन सुरू झाले होते.